इंग्रजी शब्दांची भावकी

आमच्या घरात इंग्रजी मला येतं. निदान गेल्या श्रावणापर्यंत तरी असं सर्वांचं मत होतं (सर्वांचं म्हणजे माझं). ऑफिसात तीस वर्षं मी इंग्रजी पत्रांवर जावक नंबर टाकलेत. एवढ्या सहवासात माणूस शिकतोच!

माझी बायको शालन. उचगावात आमच्या दारातच तिचा मिरची कुटायचा डंक आहे. शेजारच्या रेहानाभाभी धरून चार बायकांना घेऊन ती कांदा-लसूण चटणी करते. चेन्नईच्या एका मोठ्या दुकानाला तिचा नमुना आवडला आणि त्यांच्या मॅडम जागा बघायला येणार असं ठरलं. पसंत पडलं तर पाचही जणींना वर्षभर काम, नाहीतर पावसाळाभर हातावर हात. मॅडमना मराठी येत नव्हतं, हिंदी आमच्याइतकंच.

"बोलायचं मी बघतो," मी जाहीर केलं.

शालन मात्र नातीची जुनी डिक्शनरी घेऊन बसली. दहावीनंतर चाळीस वर्षांनी! वहीत सारख्या सुरुवातीचे इंग्रजी शब्द एकाखाली एक, आणि पुढं अर्थ. अर्थ तरी कसले? 'कंटेन – डबा. कंटेंट – डब्यातला ऐवज.'

मी पोट धरून हसलो. "अगं, एवढं पाठ कशाला करतीस? इंग्रजी शब्दांची भावकी असती. पहिली तीन-चार अक्षरं सारखी, म्हणजे आडनाव एक. एकाचा अर्थ कळला की सगळ्यांचा कळला!"

"आवो, एका आडनावाचीच मानसं कोर्टात भांडत असत्यात की!" ती मान वर न करता म्हणाली. "आन् मिरच्या काय, समद्याच लाल. चावल्याबिगर कळतंय व्हय, कुठली तिखट ते?"

अडाण्याशी कोण वाद घालणार! मी विषय सोडून दिला.

मॅडम आल्या. मी निवृत्तीच्या दिवशीचा सफारी चढवून दारात उभा. त्यांनी तीन प्रश्न विचारले, मी तिन्हींना 'येस' म्हणालो. काम झकास चाललं होतं. मग त्यांनी चटणीच्या पातेल्यात वाकून बघितलं आणि कपाळाला आठी घालून काहीतरी विचारलं. त्यातला एकच शब्द मला सापडला, 'कंटॅमिनेटेड'. शब्द अनोळखी, पण आडनाव ओळखीचं! कंटेन, कंटेनर, कंटेंट... म्हणजे माल डब्यात नीट भरलाय का, हेच विचारत असणार.

"येस मॅडम! फुल्ली कंटॅमिनेटेड!"

मॅडमचं पेन थांबलं. "एव्हरी डे?"

"एव्हरी डे! माय वाइफ पर्सनली कंटॅमिनेट्स!"

मॅडम दोन पावलं मागं सरकल्या. मला वाटलं, भारावल्या. मी चमचा पुढं केला. "टेस्ट, मॅडम? व्हेरी फ्रेश कंटॅमिनेशन!"

त्यांनी पर्स उचलली आणि थेट दाराकडं वळल्या. रेहानाभाभींच्या हातातली पिशवी खाली पडली. "शालनताई, पावणी निघाली की ओ!"

शालन डंकावरनं पळत आली. "काय म्हनला तुमी त्यास्नी?"

"कंटॅमिनेटेड. भावकीतलाच शब्द हाय."

तिनं कपाळावर हात मारला. "आवो, डब्यात पाल पडली म्हंजे कंटॅमिनेटेड! वहीत लिवलंय की मी!"

मी मिरचीच्या पोत्यांमागं जाऊन उभा राहिलो. शालन सरळ मॅडमच्या पुढ्यात गेली. व्याकरण नव्हतं, पण भीतीही नव्हती.

"मॅडम. हजबंड कन्फ्यूज. चटणी क्लीन. कम!"

आणि हाताला धरून तिनं त्यांना सगळं दाखवलं. मिरची निवडायची जागा, भाजायची कढई, झाकणाचे डबे. प्रत्येक ठिकाणी वहीतला एक शब्द, आणि प्रत्येक शब्द नेमक्या जागी! शेवटी चमचाभर चटणी आधी स्वतः खाल्ली, मग त्यांना दिली. मॅडमच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. दोन तांबे पाणी पिऊन त्यांनी दुसरा चमचा मागितला. चौतीस वर्षं जिच्या हातचं जेवतोय, तिच्याकडं मी त्या दिवशी आ वासून बघत राहिलो. खरं सांगतो, फार अभिमान वाटला (पोत्यांमागून का होईना).

काम मिळालं. जाताना मॅडमनी शालनची पाठ थोपटली. माझ्याकडं बघून त्या नुसत्या हसल्या, आणि मी सवयीनं 'येस' म्हणालो.

दुपारी सगळ्या जणी जेवायला बसल्यावर मी गुपचूप वही उघडली. म्हटलं, आता आपणही शिकावं. 'कंटॅमिनेट – डब्यात पाल.' 'कॉन्फिडन्स – आमी पाच जणी.' आणि त्याखाली ताज्या शाईत, 'कन्फ्यूजन – आमचं मालक.'

चूक काढायचीच म्हणून लाल पेन घेतलं, डिक्शनरी उघडली, अक्षर न् अक्षर ताडून बघितलं. स्पेलिंगसुद्धा बरोबर होतं!