खेळातला देव बदलताना

कापराचा वास आला की अहमदपूरचं आमचं स्वयंपाकघर आठवतं. लग्नाआधी मी तिथं बसून मोबाईलवर राक्षस मारायचा ऑनलाइन गेम खेळायचे. माझ्या योद्धीचा देव अग्नी होता, पण मला जखमा भरून काढणारी नदीदेवी हवी होती. देव बदलताना गेमनं बजावलं, ‘जुना देव रागावेल. नक्की बदलायचा?’ मी ते मोठ्यानं वाचलं. देवापुढं दिवा-कापूर लावता लावता आई म्हणाली, “कशाला रागावंल? माझी माहूरची रेणुका माहेरी राहिली, इथं खंडोबा आला. तरी दिवा लावताना आधी तिचंच नाव येतंय तोंडात. दोघंबी गप ऐकून घेतेत.” मी बटण दाबलं. काल देगलूरला, सासरच्या बालाजीपुढं कापूर लावला आणि तोंडातून निघालं, “येळकोट येळकोट जय मल्हार!” मी जीभ चावली. सासूबाई हळूच म्हणाल्या, “माझ्या तर तोंडात अजून माहेरची भवानीच येती.”