खोट्या वाऱ्याच्या प्रबंधात माझं नाव

मॅडमच्या प्रबंधात आभाराच्या पानावर माझं नाव आहे. आठवीत शाळा सोडलेल्या माणसाचं नाव अशा ठिकाणी छापून आलं तर त्याला आनंद व्हायला हवा. मला मात्र ते पान उघडलं की ओशाळल्यासारखं होतं.

मी वाशीमकडचा. पुण्यात आधी स्वारगेटला एका खानावळीत वाढपी होतो. तिथे जेवायला येणाऱ्या एका सरांनी शब्द टाकला, म्हणून कॉलेजच्या प्रयोगशाळेत मदतनीस झालो. त्यांचे उपकार मी विसरत नाही. पण काम कंत्राटी, त्यामुळे सुट्टी मागायची म्हटली की आजही दहादा विचार करतो.

मॅडम तिथे पीएचडी करत होत्या. काम वाऱ्याचं, पण खिडक्या बंद करून, संगणकावर. जमिनीलगतचा वारा घरांना, झाडांना घासत येतो, म्हणून त्यात लहानमोठे भोवरे असतात. अख्खं शहर संगणकात मावत नाही. म्हणून त्या एका इमारतीपुरता तुकडा घ्यायच्या आणि वारा जिथून आत शिरतो तिथे खोटे भोवरे तयार करून सोडायच्या. नुसते वाटेल ते आकडे टाकले तर तो वारा इमारतीपर्यंत पोचायच्या आधीच मरतो, असं त्या सांगत. प्रत्येक झोताला आधीच्या झोताची, शेजारच्या झोताची थोडी ओळख लागते.

हे मला पाठ झालं ते त्यांच्या एका सवयीमुळे. अडलं की समोर जो असेल त्याला त्या सगळं पहिल्यापासून सांगायच्या. समोर बहुतेक मीच असायचो. मी मान डोलवायचो. न कळता मान डोलवायची सवय मला खानावळीपासूनच होती.

त्या दुपारी मात्र माझं लक्ष नव्हतं. सकाळी मायचा फोन आला होता. दिवाळीनंतरच्या शिबिरात तिच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं होतं आणि भाऊ तेव्हा हरभऱ्याच्या पेरणीत अडकणार होता. "तुले जमन का यायले?" एवढंच तिनं विचारलं. मी बघतो म्हणालो. माझं कंत्राट त्याच सुमारास वाढायचं होतं.

मॅडम सांगत होत्या की उत्तरं संशय यावा इतकी गुळगुळीत येताहेत. दर गुरुवारी वीज गेली की काम बंद पडतं, वीज आली की त्या थांबल्या जागेवरून ते पुढे चालू करतात. आणि मी मनातल्या मनात मायला उत्तर देत होतो. नाही जमणार. माझी मान आडवी हलली.

मॅडम थांबल्या. "का? काय चुकतंय?"

त्या स्क्रीनकडे वळल्या आणि आकडे पहिल्यापासून तपासू लागल्या. वारा थांबल्या जागेवरून पुढे जात होता खरा, पण झोत तयार करणारे आकडे दर वेळी पहिल्यापासून सुरू होत होते. दर आठवड्याला तेच भोवरे, त्याच क्रमानं, त्याच भिंतीवर आपटत होते.

"अहो, आधी बोलायचं नाही का? मी इतके दिवस तोच वारा दळतेय."

त्या दिवशी त्यांनी स्वतः जाऊन माझ्यासाठी कॉफी आणली. मी ती प्यायलो.

दिवाळी झाली आणि त्यांनी आभाराचं पान मला वाचून दाखवलं. माझ्या नावापुढे होतं, 'ज्यांनी माझी चूक माझ्याआधी ओळखली.' मायनं दरम्यान पुन्हा विचारलं नव्हतं. मीही विषय काढला नव्हता.

"मॅडम, ती मान मी तुमच्यासाठी नव्हती हलवली," मी म्हणालो, आणि सगळं सांगितलं.

त्यांनी चष्मा काढून पुसला. "म्हणजे माझी पीएचडी तुमच्या आईच्या डोळ्यावर उभी आहे. झालं ऑपरेशन?"

"परवा आहे."

"मग इथे काय करताय? तुम्ही असलात-नसलात, वारा खोटाच राहणार आहे." माझ्या सुट्टीसाठी सरांशी त्या स्वतः बोलल्या. मला विचारलंसुद्धा नाही.

आता त्या पानावर वाक्य असं आहे: 'ज्यांनी मान हलवल्यामुळे मी थांबले.' यात खोटं काही नाही. ती मान कोणाला नाही म्हणत होती, ते मात्र वाचणाऱ्याला कळणार नाही.

वॉर्डात मायच्या एका डोळ्यावर पट्टी होती, दुसऱ्यानं तिला नीट दिसत नव्हतं. माझा हात चाचपत तिनं विचारलं, "तुयं काम बुडलं असन नं?"

मी मान हलवली. मग ती तिला दिसली नसणार हे ध्यानात आलं, आणि तोंडानं म्हणालो, "नाही."