घरचा शब्द
सायकलच्या दुकानात काळ्या ग्रीसचा वास आला की मला लढाईच्या दिवसांतली आमची फॅक्टरी आठवते. बारा-बारा तासांची पाळी असायची. मी माचीवर उभा राहून साखळीने जड लोखंडी साचे उतरवायचो आणि माझा जोडीदार, गढा गावचा हिंदी बोलणारा माणूस, ते बसवायचा. मी "नीचे" असा आवाज दिला की त्याने हात काढायचा, असं आमचं ठरलेलं. एका दुपारी थकलेल्या तोंडून घरचा शब्द निघाला, "खाली." मला म्हणायचं होतं, साचा येतोय. हिंदीत खाली म्हणजे रिकामं; त्याला वाटलं, साखळीचा हुक रिकामा आहे. वर न बघता त्याने साचा बसायच्या खाचेत अडकलेली चिंधी काढायला हात घातला. उजव्या हाताची दोन बोटं गेली. चौकशीत साहेबांनी मला विचारलं, "आवाज़ दी थी?" मी म्हणालो, "जी, दी थी." शब्द कोणता, ते त्यांनी विचारलं नाही. चूक त्याच्या नावावर लागली. दवाखान्यात तोच मला म्हणाला, "भैया, मैंने ही ग़लत सुना होगा." मी पट्टीकडे बघत राहिलो. पुढे आवाज कसा द्यावा हे सगळ्यांना शिकवायचं काम साहेबांनी मलाच दिलं. मी सांगितलं, "सिर्फ़ नीचे बोलना है, खाली कभी नहीं." मागे बसून डाव्या हाताने लिहून घेणाऱ्या माझ्या जोडीदाराने मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं. त्याने "क्यों" विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, असं मी अजून मनाला समजावून राहिलो आहे.