मांडव नावाचं फोल्डर

काकींच्या घशाचं ऑपरेशन ठरलं, तेव्हा त्यांच्या नातीच्या लग्नाची तारीख आधीच निघालेली होती. काकी म्हणजे माझ्या चुलत सासूबाई. आम्ही राहतो ठाण्यात, वर्तकनगरला. सासरचं मूळ गाव मात्र शीळफाट्याजवळ, डोंबिवलीकडे जाणाऱ्या रस्त्याच्या थोडं आत. गावाच्या चहूबाजूंनी आता टॉवर उभे राहिलेत, पण लग्नं अजून गावातच होतात. आणि गावातल्या लग्नात आमच्या काकी धवलारीण असतात.

माझं माहेर डोंबिवलीचं, बोहल्यावर चढेपर्यंत मला हा शब्द माहीत नव्हता. आगऱ्यांच्या लग्नात भटजींइतकाच धवलारणीचा मान. मांडव घालताना, हळद लावताना, नवरीला न्हाऊ घालताना ती धवले, म्हणजे त्या त्या विधीची गाणी, गाते, आणि ते संपल्याशिवाय विधी संपत नाही. काकींनी गावातल्या दोन पिढ्यांची लग्नं गाऊन लावलीत. आता त्यांच्या स्वतःच्या नातीचं लग्न होतं आणि डॉक्टरांनी सांगितलं होतं: ऑपरेशननंतर हळू बोला, पण गाणं बंद.

काकींचा मोठा मुलगा म्हणाला, "आये, दुसऱ्या गावाशी धवलारीण आनू ना. तू नुसती बस."

"आना," काकी म्हणाल्या. "आना ना. मी घरान झोपतंय. हलद झाली की उठवा."

 कुठलाही प्रश्न समोर आला की मी त्याच्या कामांची यादी करायला घेते. मी म्हटलं, "काकी, ऑपरेशनच्या आधी सगळे धवले रेकॉर्ड करू. हळदीला तुम्हीच गाल."

त्याप्रमाणे एका दुपारी दारं-खिडक्या लावून, पंखा बंद करून, काकींनी नवरीचं, नवऱ्याचं, मामाचं नाव घालून सगळं माझ्या फोनमध्ये म्हटलं. मी एकेक कडवं वेगळं घेतलं आणि त्याला नाव दिलं. ऑपरेशन नीट झालं. माझ्या यादीतल्या त्या ओळीवर बरोबरची खूण पडली.

मग आम्ही गावी तालीम केली, आणि ती पार कोसळली. मला तोवर न कळलेली गोष्ट अशी, की धवला गाण्यासारखा सुरू होऊन गाण्यासारखा संपत नाही. तो विधीच्या मागे चालतो. आत्या हळदीची वाटी विसरून आली, तर तेच कडवं पुन्हा. मामा लवकर उठला, तर पुढचं लगेच. फोन आपला एका कडव्यावरून दुसऱ्यावर पळत सुटला. मी बोटाने मागे आणायला गेले तर तिसरंच लागलं. तेवढ्यात माझ्या नवऱ्याच्या मित्राचा फोन आला आणि त्याची रिंगटोन स्पीकरवर वाजली.

काकी पाटावर बसून बघत होत्या. "या तुजा डबा माज्या आधी म्हातारा झाला गो," त्या म्हणाल्या. मोठा मुलगा बाजूला जाऊन दुसऱ्या गावच्या धवलारणीला फोन लावायला लागला. मी त्याला हळदीच्या आदल्या रविवारपर्यंत थांबायला सांगितलं.

मला काय हवं होतं ते मी परतीच्या रिक्षातच ठरवलं. लॅपटॉपच्या एका बटणाला एक कडवं. स्पेसबार दाबला की तेच पुन्हा. कडवं संपलं की गप्प, पुढचं बटण दाबेपर्यंत. बटणं काकींनी स्वतः दाबायची. म्हणजे विधीचा लगाम त्यांच्याच हातात. अशी तयार अ‍ॅप मिळतात, हे मला नंतर तिघांनी वेगवेगळ्या वेळी सांगितलं. तिघांचेही मी आभार मानले.

मी वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळते. नटबोल्टपासून बेअरिंगपर्यंत सगळं कुठल्या रॅकच्या कुठल्या खणात आहे, ते मला विचारायचं. कारखान्यात स्टोअरचं काम कॉम्प्युटरवर नेणार अशी हवा होती, म्हणून मी शनिवार-रविवारच्या प्रोग्रामिंगच्या वर्गाला जात होते. विकायला येणारा माणूस काय थापा मारतो, एवढं तरी कळावं, हा हेतू. वर्गात छोटे छोटे प्रोग्राम लिहून झाले होते आणि ते चालतही होते. आवाज वाजवणारा प्रोग्राम मात्र स्वतः लिहिणं माझ्या आवाक्याबाहेरचं. त्यासाठी लोकांनी आधीच लिहून ठेवलेली लायब्ररी मिळते. ती उतरवून घ्यायची, आपल्या प्रोग्रामला जोडायची, बस. सरांनी वर्गात हे "बस" फार सहज म्हटलं होतं.

लायब्ररी उतरवली, व्यवस्थित जागी ठेवली, प्रोग्रामच्या पहिल्या ओळीत तिचं नाव लिहिलं. एडिटरने त्या ओळीखाली लाल नागमोडी रेघ मारली. ही फाइल मला सापडत नाही, असं त्याचं म्हणणं. मी सेटिंगमध्ये जाऊन लायब्ररी कुठे ठेवलीय तो पत्ता लिहिला. लाल रेघ गेली. मी खूण केली आणि पोहे टाकायला उठले.

पोहे खाऊन प्रोग्राम चालवायला घेतला, तर खाली काळ्या चौकटीत तीच तक्रार. फाइल सापडत नाही.

वर रेघ नाही आणि खाली एरर! अर्धा दिवस त्यात गेला. मग वर्गाच्या टिपणांत सापडलं, की एडिटर आणि कंपायलर या दोन वेगळ्या असामी आहेत. एडिटर आपण लिहितो ते बघतो आणि चुका दाखवतो. आपण लिहिलेलं मशीनच्या भाषेत नेतो तो कंपायलर, त्याला पत्ता निराळा कळवावा लागतो. हे मला लगेच पटलं. आमच्या भावकीत थोरल्या घरी आमंत्रण दिलं म्हणून धाकटं घर जेवायला येत नाही. त्यांच्या उंबऱ्यावर वेगळी अक्षत ठेवावी लागते. मी दुसऱ्या फाइलमध्ये कंपायलरच्या नावाने वेगळी अक्षत ठेवली: माहितीच्या फाइली इथे, लायब्ररी इथे, तिचं नाव हे.

तरीही सापडत नाही.

पत्ता पुन्हा तपासला. हाताने लिहिलेला पुसून, फोल्डरच्या खिडकीतून उचलून जसाच्या तसा चिकटवला. लायब्ररी पुन्हा उतरवली. कंपायलर काढून परत टाकला. नवऱ्याने मागून डोकावून विचारलं, "बंद करून चालू केलास का?"

"तू भाजी आणलीस का?" मी विचारलं. तो गेला.

रविवार आला. काकींच्या मोठ्या मुलाचा, म्हणजे माझ्या मोठ्या दिरांचा, सकाळीच फोन, "काय करू गो? ती बाय दुसरीकरं जाल." मी लॅपटॉप पिशवीत घातला आणि गावी गेले. खरं सांगायचं तर काकींना तोंडावर सांगायला गेले, की जमत नाहीये.

काकी ओटीवर वालाच्या शेंगा सोलत होत्या. मी लॅपटॉप उघडला, प्रोग्राम चालवला, एरर दाखवली. हे सगळं सांगण्यापेक्षा दाखवणं सोपं.

"ती काय बोलते?" काकींनी विचारलं.

"सापडत नाही म्हणते."

"तशी नाय. सबूद सबूद सांग. डॉक्टर बोलला तवा पन तू मना अर्धाच सांगितलास."

म्हणून मी शब्दन् शब्द वाचायला लागले. डी ड्राइव्ह, मग तिरकी रेघ, मग प्रश्नचिन्ह, प्रश्नचिन्ह, प्रश्नचिन्ह... आणि थांबले.

ती प्रश्नचिन्हं मी आठवडाभर बघत होते. काळ्या चौकटीला मराठी दाखवता येत नसेल, जुन्या फोनवर मराठी मेसेजचे चौकोन दिसायचे तसं, असं समजून त्यांच्यावरून नजर पुढे नेत होते. त्या जागी असायला हवं होतं "श्री".

ही "श्री" तिथे आली कशी, तर दसऱ्याला. आमच्याकडे दसऱ्याला गावच्या ओटीवर सगळं पूजेला मांडतात. कोयता, टेम्पोची चावी, पोरांची दप्तरं. लॅपटॉप नवा होता, तोही मांडला. काकींनी त्याला हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं आणि म्हणाल्या, "आता पयला श्री लिही." आमच्या घरात वही असो, पत्रिका असो, बाजाराची यादी असो, श्री लिहिल्याशिवाय दुसरं अक्षर पडत नाही. मी मराठी कीबोर्ड लावला, "श्री" नावाचं फोल्डर केलं, आणि सांगितलं की या लॅपटॉपवरचं सगळं चांगलं काम यातच ठेवीन. वर्गाचे प्रोग्राम सरांनी सांगितलेल्या जागी होते, इंग्रजी नावाच्या फोल्डरात, म्हणून ते चालत होते. लायब्ररी लग्नासाठी. म्हणून ती, आणि फोनमधून उतरवलेली कडवी, मी श्रीमध्ये ठेवली होती. एडिटरला देवनागरी वाचता येत होती, म्हणून लाल रेघ गेली. माझ्या लॅपटॉपवरच्या त्या कंपायलरला येत नव्हती. तो बिचारा दर वेळी दारापर्यंत जाऊन पाटी न वाचता आल्यामुळे परत येत होता.

कारण कळलं, आणि नवीनच पंचाईत झाली. लायब्ररी श्रीच्या बाहेर काढायची, किंवा श्रीचं नाव इंग्रजीत बदलायचं. हे काकींना सांगायचं कसं? ज्यांनी हळदकुंकू वाहिलं होतं त्यांच्यासमोर, हळदीच्या तोंडावर? पण लपवून करणं मला जमलं नसतं. मी सांगितलं. "काकी, मशीनला श्री वाचता येत नाही. धवले श्रीच्या आत आहेत, म्हणून ते त्याला सापडत नाहीत."

काकींनी हातातली शेंग सोलून दाणे टोपात टाकले. मग माझ्याकडे असं बघितलं, की जणू मी मिठाचा डबा कुठे असतो ते विचारलं.

"मंग मांडव कनाला घालतात गो?"

"म्हणजे?"

"देव घरान. लगीन मांडवान. मांडव घराचे भायेर. लग्नाला येनारा परतेक मानूस काय देवघरान घेतंस? तुज्या त्या मानसाला मांडवान बसव. श्री हाय तिथं र्‍हाऊं दे."

मी तिथेच ओटीवर बसून श्रीच्या बाहेर नवं फोल्डर केलं. नाव दिलं "मांडव", पण इंग्रजी अक्षरांत. लायब्ररी त्यात नेली, सगळी कडवी त्यात नेली. दोन्ही फाइलींत पत्ता बदलला. चालवलं.

फाइल सापडली! मी एवढ्या जोरात "सापडली" म्हटलं, की शेजारची बाई कोंबडी सापडली का म्हणून विचारायला आली.

पण त्याखाली आता दुसरीच एरर. कंपायलरचं काम झालं होतं, अडला होता लिंकर, म्हणजे शेवटी सगळे तुकडे जोडणारा. तो म्हणत होता, तुम्ही बोलावलेलं हे काम मला कुठे मिळत नाही. लायब्ररी तर समोर होती. मी सूचनांची ओळ पुन्हा वाचली आणि मला हसूच आलं. मी मोठ्या मानाने लायब्ररीचं नाव आधी लिहिलं होतं आणि माझ्या प्रोग्रामचं मागून. लिंकर डावीकडून वाचत येतो. लायब्ररी समोर आली तेव्हा तिच्याकडे कोणी काहीच मागितलेलं नव्हतं, म्हणून तो तशीच ओलांडून पुढे गेला. हे तर माझं रोजचं काम! आधी मागणीचा कागद, मग माल. कागद नसताना मी स्टोअरमधून एक वॉशर देत नाही, मग लिंकरने का द्यावा? नाव उचलून ओळीच्या शेवटी टाकलं.

मग पहिल्या कडव्याचं बटण दाबलं.

ओटीवर काकींचा आवाज आला. ऑपरेशनच्या आधीचा, भरलेला, किंचित किनरा. काकींचा हात शेंगेवर थांबला. एक कडवं संपलं आणि लॅपटॉप गप्प झाला. काकींनी लुगड्याला हात पुसले, बोट पुढे केलं आणि विचारलं, "परत म्हनायचा बटन कनचा?"

मी स्पेसबार दाखवला. त्यांनी तो दाबला. मोठे दीर आतून आले, जरा वेळ ऐकत उभे राहिले आणि दुसऱ्या गावच्या धवलारणीला नको म्हणून कळवायला बाहेर गेले.

हळदीच्या संध्याकाळी मांडवात पाटावर काकी, त्यांच्यासमोर दुसऱ्या पाटावर लॅपटॉप, मागे स्पीकर. डीजेवाल्याला मी सकाळीच बजावलं होतं, की धवला चालू असताना त्याच्या खोक्यातून चकार आवाज येता कामा नये. नवरीचा मामा कल्याणहून निघाला होता आणि पत्रीपुलावर अडकला होता. काकींनी मामाच्या नावाच्या आधीचं कडवं इतक्यांदा परत लावलं, की पोरीबाळींना ते पाठ झालं आणि त्या बरोबरीने म्हणायला लागल्या. मामा घामाघूम होऊन मांडवात शिरला, तसं काकींनी न बघताच पुढचं बटण दाबलं आणि त्याचं नाव बरोबर तो बसता बसता आलं.

"आले एकदाचे!" कोणीतरी ओरडलं.

समोरच्या गावची एक म्हातारी काकींच्या कानाशी वाकून रागावली, "डॉक्टर गाऊं नको बोललाय ना तुला? आनि तू गातंस!"

काकींनी मिटलेल्या तोंडाकडे बोट दाखवलं. म्हातारीने काकींचं तोंड बघितलं, स्पीकर बघितला, परत तोंड बघितलं, आणि पदर तोंडाला लावून हसत सुटली. काकी शेवटच्या कडव्यापर्यंत पाटावरून हलल्या नाहीत. शेवटी नवरीने वाकून नमस्कार केला, तेव्हा त्यांनी तिच्या गालाला हळद लावली आणि बोटाला उरलेली स्पेसबारला पुसली. तो अजून पिवळा आहे. मी पुसणार नाही.

लग्नानंतर नवरी पाचपरतवणीला माहेरी आली, तेव्हा मी गावी गेले, तर काकींचा पहिला प्रश्न, "मांडव सोरलास का?"

दारातला मांडव कधीच उतरला होता. मला वाटलं, त्याबद्दलच विचारतायत.

"त्या नाय. तुजा."

लग्न झालं की मांडव ठेवत नाहीत. मी लॅपटॉप उघडला, काकींचे सगळे धवले उचलून श्रीमध्ये परत नेले आणि मांडव नावाचं फोल्डर काढून टाकलं. लायब्ररी काय, कधीही उतरवता येते. मोठ्या दिरांच्या धाकट्याचं यंदा बघतायत. जमलं, की परत घालू.