जातो म्हणू नये

माझ्या वहिनीला हिंदी येत नाही, हे मी तिच्या तोंडावर तिच्या लग्नापासून सांगत आले. ती म्हणायची, "हिंदीत काय ठेवलं बाप्पा? मराठीच्या शेपटीले 'है' लावलं का झालं!" अकोल्याच्या बाजारात तिचं तेवढ्यावर भागायचंही. आमच्या वऱ्हाडात निम्मा व्यवहार हिंदीत चालतो आणि त्या हिंदीला व्याकरण विचारायला कोणी येत नाही. "कैसा दिया सांबार?" म्हटलं की कोथिंबीर मिळते. कोणाचं काही अडत नाही. मीसुद्धा तिला चिडवण्यापुरतंच बोलत होते. त्यावरून एखाद्याचं लेकरू जाईल असं कोणाच्या मनात येतं?

आधी आम्ही कोण ते सांगते. मी अमरावतीत फुलांचे हार करते. माहेर बार्शीटाकळीचं, भाऊ-वहिनी अकोल्यात. आम्ही दहा-बारा बायांनी मिळून एक मंडळ काढलं होतं. मंडळ म्हणजे उगाच मोठं नाव, बाकी सगळ्या भाजी, फुलं, फळं विकणाऱ्याच. त्यात एक आमच्या गल्लीतली खाला, तिच्या घरी गाद्या-रजया भरण्याचं काम. दर महिन्याला आम्ही कपडे, रजया, थोडं धान्य जमवायचो, भाजीच्या गाडीत टाकायचो आणि परतवाड्यावरून घाट चढून राज्याची हद्द ओलांडून पलीकडे एका कोरकू वस्तीत वाटून यायचो. अकोल्याची गाठोडी घेऊन वहिनी आदल्या दिवशीच माझ्याकडे मुक्कामाला यायची.

लोक काय काय द्यायचे, त्याचं नावच काढू नका. बिनबाह्यांचा स्वेटर, एका पायाचा बूट, एकीनं तर लग्नातल्या शालूचा फाटका पदर दिला, नुसता पदर! लोकांना दान म्हणजे माळा साफ करणं वाटतं. खाला त्यातलं धड निवडायची, उरलेल्याच्या रजया शिवायची, आणि मी देणाऱ्यांना शिव्या घालायची.

शिव्या घालायला आणखी एक कारण होतं. जो तो विचारायचा, "कावून वो ताई, आपल्याकडे गरीब कमी हायेत का, की तुमी मध्य प्रदेशात चालल्या?" त्याला वहिनीचं उत्तर ठरलेलं. तिचं माहेर तिवश्याकडचं, बापाचा संत्र्याचा बगीचा. तोड्याला तिकडचेच लोक यायचे. "आपले संत्रे तोडून राहिले तवा ते आपले," ती म्हणायची, "अन् घरी गेले का मध्य प्रदेशचे? वा रे वा!" यावर समोरचा मान डोलवायचा आणि तरीही काही द्यायचा नाही.

हद्द म्हणजे तरी काय, रंग उडालेली एक पाटी. म्हशी इकडच्या तिकडे चरून येतात. माणसानं मात्र आजारी पडताना पाटीच्या कोणत्या बाजूला पडतो ते बघून पडावं. इकडची अँब्युलन्स तिकडे जात नाही, आणि तिकडचा माणूस इकडे आणला की इकडचे म्हणतात, तुमच्या जिल्ह्यात न्या. फोनची रेंज तर पाटीच्या आधीच संपते.

त्या वस्तीत एक पोरगी होती. वहिनीच्या बापाच्या बगिच्यात नवऱ्याबरोबर तोड्याला आली होती, तेव्हा नवीनच लग्न झालेलं. तेव्हापासून वहिनीला 'बाई' म्हणायची आणि आमची गाडी आली की सगळ्या बाया सोडून तिच्याच शेजारी येऊन बसायची. बोलणं फार नाही. तिची भाषा कोरकू, वहिनीची वऱ्हाडी, हिंदी दोघींचीही उसनी. पण जीव होता एकमेकींवर.

हिवाळ्यातल्या एका खेपेला आम्ही गेलो तर तिच्या मांडीवर तिची मुलगी. बसायला लागायचं वय, पण मान धरवत नव्हती. मी तिचा दंड दोन बोटांत धरला तर बोटं एकमेकांना लागली. बरं, ती रडतही नव्हती. रडणाऱ्या लेकराची मला भीती वाटत नाही, गप्प लेकराची वाटते. वहिनीनं एकदा माझ्याकडे बघितलं आणि उठून कामालाच लागली. त्या दिवशी तिनं रजया वाटल्या नाहीत, काही नाही. ते लेकरू वाचलं पाहिजे, एवढं एकच तिनं धरलं.

तिला पोरीला लेकरासकट आमच्याच गाडीत घालून परतवाड्याला आणायचं होतं. पोरीची सासू म्हणाली, नाही. मुलगा गुजरातमध्ये कामाला, त्याला विचारल्याशिवाय दुसऱ्या राज्यात पाठवणार नाही. आणि आमच्या बाजूचे दवाखानेवाले घेतील याचा तरी काय भरवसा? मग वहिनी पलीकडच्या गावात जाऊन तिथली नर्सबाई शोधून आली. नर्सबाई भली होती. म्हणाली, परवा आमची गाडी त्या बाजूला येते, मी स्वतः दोघींना बसवून नेते, तिकडे लेकराला ठेवून घेतील, आईलाही जेवण देतील. वहिनीनं ते सासूच्या गळी उतरवलं. पोरगी मात्र घाबरली होती. दवाखाना तिनं कधी पाहिला नव्हता. वहिनीचा पदर धरून बसली ती सोडेचना.

"गाडी आएगी, उसमें बैठने का," वहिनी तिला समजावत होती. "घाबरने का नहीं. लेकरू अच्छा होके आएगा. हाव?"

"हाव," पोरगी म्हणाली.

ऊन कलायला आलं, घाट उतरायचा होता. वहिनीनं त्या पोरीच्या डोक्यावरून हात फिरवला, कानशिलावर बोटं मोडली, आणि उठताना म्हणाली, "चल बेटा, आती मैं."

आमच्यात निघताना 'येतो' म्हणतात. बाईमाणूसही 'येतो'च म्हणते. 'जातो' म्हणू नये, जातो म्हणणारा परत येत नाही. लहानपणी माझ्या तोंडून चुकून 'जातो' गेलं तर माय मला दारातून माघारी बोलवायची, पाटावर बसवायची, पाणी पाजायची आणि मगच सोडायची. आणि आजाऱ्याच्या उशाशी तर हा शब्द काढणं म्हणजे यमाला आवतण. मी शेजारीच उभी होते. वहिनीनं 'येतो'च म्हटलं, नेहमीसारखी त्याला हिंदीची शेपटी लावली. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. वाटणार तरी काय?

खाला त्या खेपेला आली नव्हती. तिच्या नातीला ताप होता.

पुढच्या महिन्यात आम्ही निघालो तेव्हा वहिनीचा आनंद बघण्यासारखा होता. नारिंगी लोकरीची टोपी विणली होती, काळ्या मण्यांच्या मनगट्या घेतल्या होत्या. गाडीत मला म्हणते, "ताई, आता गालात भरली असन पोट्टी."

मी म्हटलं, "तुह्यासारखी गालफुगी झाली तर पंचाईत आहे वो."

खाला हसली. घाटात आम्ही तिघी नुसत्या हसत होतो. ते हसणं आठवलं की मला अजून कानकोंडं होतं.

पोरगी दारात आली ती रिकाम्या हातांनी. वहिनीनं तिच्या मागं घरात डोकावून बघितलं, लेकरू कुठं झोपलंय म्हणून. पोरगी वहिनीकडेच बघत होती. रागानं नाही. एसटी उशिरा आली की आपण बघतो तसं.

"इत्ती देर, बाई?" ती म्हणाली.

वहिनीला कळेना. "काय झालं? क्या हुआ? पोट्टी किधर है?"

पोरगीनं रस्त्याकडे बोट केलं, तिथल्या मोहाच्या झाडाकडे. "मैं बैठी थी," म्हणाली. "गाडी आई. नर्सबाई बोली, चल. मैं बोली, बाई आती बोलके गई. बाई आएगी तो जाऊँगी." नर्सबाई ओरडली म्हणे, मग निघून गेली. तिला अजून चार गावं करायची होती. पोरगी गाठोडं आणि लेकरू घेऊन तिथंच बसून राहिली. संध्याकाळी सासूनं ओढून घरात नेली. दुसऱ्या दिवशी परत जाऊन बसली. तिसऱ्याही दिवशी. "फिर वो ठंडी हो गई," ती म्हणाली.

खालानं वहिनीचं मनगट धरलं. "भाभी, निकलते वखत आप क्या बोले थे इसको?"

"काय बोलणार? आती मैं, म्हटलं."

खालानं तिचं मनगट सोडलं. "या अल्ला. अरे भाभी, जाते वखत 'चलती हूँ' बोलते. 'आती मैं' बोले तो... अभी लौटके आती, तू यहीं रुक, ऐसा होता उसका मतलब."

वहिनी ओरडलीच. "मंग काय 'जाती' म्हणू? लेकराच्या उशाशी? त्या एवढ्याशा जीवापाशी 'जाती' म्हणू मी? कोणती बाई म्हणन? तूच सांग ताई, कोणती बाई म्हणन!"

मी काय सांगू? कोणतीच म्हणणार नाही. मी असते तरी मी तेच म्हटलं असतं. त्या लेकराला नख लागू नये म्हणून तिनं तो शब्द टाळला होता, आणि तेच नडलं.

पोरगी आमचं मराठीतलं ओरडणं ऐकत उभी होती. तिला त्यातलं काही कळत नव्हतं. कोणीतरी सांगायला हवं होतं, म्हणून मीच पुढं झाले. म्हटलं, "बेटा, हमारे में जाते को आते बोलते." बोलून झाल्यावर मलाच ते वेड्याचं वाक्य वाटलं. जाण्याला येणं म्हणणारी ही कसली माणसं, असं तिला वाटलं असेल तर तिचं काय चुकलं? मी आणखी काही समजावलं नाही.

परतवाड्याला गाडी थांबली. चहा आला, कोणी घेतला नाही. टोपी वहिनीच्या मांडीवर. आणि माझं डोकं फिरलं. भर स्टँडवर मी तिला बोलले. "तुले किती डाव सांगतलं, नाही येत तर बोलू नको! शेपटी लावते म्हणे! लावली ना शेपटी?" ती म्हणाली, "बोल ताई. अजून बोल." मला राग तिचा नव्हताच. मग कोणाचा होता? नर्सबाईचा? तिनं तर गाडी आणली होती. सासूचा, पाटीचा, त्या मेल्या फोनच्या रेंजचा? ज्याला धरायला जावं तो हातातून सुटत होता. शेवटी मी चहावाल्याशी भांडले, चहा गार दिला म्हणून.

त्यानंतर मंडळ विरत गेलं. भांडण झालं नाही, काही नाही. एकीच्या घरी लग्न निघालं, दुसरीचे गुडघे दुखायला लागले. लोक म्हणाले, "झालं का तुमचं पुण्य करून?" पूर्वी मी अशांना सोडत नसे. आता गप्प बसायची, कारण निघताना आम्ही तोंडच उघडलं नसतं तर ती पोरगी नर्सबाईच्या गाडीत बसली असती, हे मला रात्रंदिवस दिसत होतं. हे कोणी माझ्या मनातून काढू शकलेलं नाही. वहिनी भावाशीसुद्धा कमी बोलायला लागली. बाजारात हिंदी बोलायचं तिनं सोडलंच, बोटानं भाजी दाखवायची.

पुढच्या हिवाळ्यात खालाकडे शिवलेल्या रजया पडून होत्या. तेवढ्या पोचवू आणि बंद करू, असं ठरलं. वहिनीला मी विचारलंही नव्हतं, तरी ती अकोल्याहून आली. वस्तीत आम्ही फारसं न बोलता वाटप केलं. पोरगीनंही एक रजई घेतली. तिची मांडी रिकामीच होती. वहिनी तिच्या शेजारी जाऊन बसली, दोघी रस्त्याकडे बघत होत्या. चहा झाला, तो आम्ही प्यायलो.

निघायची वेळ आली आणि आमची तोंडं शिवल्यासारखी झाली. येतो म्हणायचं नाही, जातो म्हणवत नाही. एकेक जणी नुसतं हात जोडून गाडीत चढली. वहिनी सगळ्यात शेवटी. गाडीचं मागचं फळकूट लावलं तेवढ्यात पोरगी चालत आली आणि दोन्ही हातांनी फळकूट धरून उभी राहिली.

"आती," तिनं वहिनीला विचारलं, "के जाती?"

खाला म्हणाली, "भाभी, 'चलती' बोलो." वहिनीनं ऐकलं नाही. ती त्या पोरीकडेच बघत होती. जन्मात जो शब्द तिनं कोणाच्या दारात उच्चारला नव्हता, तो ती तोंडात आणत होती, आणि मला आतून वाटत होतं की हिचं तोंड दाबावं.

"जाती," वहिनी म्हणाली. "जाती मैं, बेटा."

"हाव," पोरगी म्हणाली. तिनं फळकूट सोडलं, रजई काखेत नीट धरली आणि घरात गेली. या वेळी ती रस्त्याकडे बघत थांबली नाही.

आमच्यापैकी कोणीही त्यानंतर तिकडे गेलेलं नाही.