पैसे अडकलेत? हे करा

कल्पना करा, तुम्हाला एक लेख लिहायचा आहे. विषय असा की जुगाराच्या साइटवरून पैसे काढताना ते मध्येच अडकले, तर काय करायचं. तुम्ही आयुष्यात कधी पैज लावलेली नाही. तुमचे पैसे अशा कुठल्या साइटवर अडकलेले नाहीत, कारण तुम्ही ते कधी भरलेच नाहीत. लेख संध्याकाळपर्यंत हवा. त्यात 'पैसे', 'अडकले' आणि 'बँक' हे शब्द पुरेशा वेळा यायला हवेत, म्हणजे शोधणाऱ्याला तुमचाच लेख सगळ्यात वर दिसेल. आणि सूर असा हवा की वाचणाऱ्याला वाटावं, या माणसाने हे सगळं भोगलंय आणि त्यातून सुटून आता तो आपल्याशी निवांत बोलतोय.

सुरुवात कशी कराल?

तिने अशी केली होती : 'सर्वप्रथम, घाबरून जाऊ नका.'

ती आईच्या शिलाई मशीनवर लॅपटॉप ठेवून काम करायची. मशीन आत दुमडलेलं, वर लाकडी झाकण, पाय ठेवायला खाली पायटा. विचार करताना तिचा पाय पायट्यावर हलायचा आणि खालचं चाक उगाच फिरायचं. तो लेख लिहायला तिला एक दुपार पुरली. इतरांचे तीन लेख उघडले, तिन्हींत जे सारखं होतं ते घेतलं, जे वेगळं होतं ते सोडलं. तिघंही म्हणतायत म्हणजे बरोबर असणार. लेखाशेजारी चष्मा घातलेल्या एका हसऱ्या, प्रौढ माणसाचा विकत घेतलेला फोटो लावला आणि खाली लिहिलं, 'आमचे तज्ज्ञ'.

तिचा धंदा समजायला सोपा होता. तिच्या लेखात लिंक असायच्या. लिंकवरून कुणी जुगाराच्या साइटवर गेलं, खातं उघडलं आणि तिथे हरलं, की त्या हरलेल्या पैशांतला ठरलेला हिस्सा कमिशन म्हणून तिला. जिंकलं तर काही नाही. ही माणसं तिला कधी दिसायची नाहीत. त्यांचे फक्त आकडे यायचे, तेही सगळ्यांचे मिळून.

आईला एवढंच माहीत होतं की मुलगी घरबसल्या लिहिते. आई नगरपालिकेत पाण्याचे मीटर वाचायच्या नोकरीतून निवृत्त झाली होती. शेजारीण विचारायची, "मुलगी काय करते हो हल्ली? दिसत नाही."

"लेखिका आहे," आई सांगायची. "लेखक लोक दिसत नाहीत."

मग बँकांना आदेश आला की जुगाराच्या साइटकडे जाणारे आणि तिकडून येणारे पैसे पुढे जाऊ द्यायचे नाहीत. बातमी आली तेव्हा तिने ती वाचली आणि लेखांमधली दोन वाक्यं बदलली. पहिल्यांदा अडकले ते तिचे वाचक. 'पैसे अडकलेत? हे करा' हा जुना लेख अचानक धावायला लागला. खाली प्रश्नांची रीघ. सगळे तिला 'सर' म्हणत, कारण फोटो पुरुषाचा होता. 'सर, बँक म्हणते साइटला विचारा, साइट म्हणते बँकेला विचारा.' 'सर, बायकोला काय सांगू?' तिने एक उत्तर तयार करून ठेवलं होतं. काही कामकाजाचे दिवस वाट पाहा, संयम ठेवा, शुभेच्छा. तेच सगळ्यांना चिकटवायची.

जुगाराच्या साइटच्या ज्या माणसाशी तिचं बोलणं व्हायचं, त्याला तिने पाहिलेलं नव्हतं. नावाच्या जागी तो मांजराचं चित्र लावायचा. मांजराने कळवलं : 'तुमचा लेख जोरात चाललाय. लगे रहो.'

त्याच सुमारास तिचं कमिशन यायचं थांबलं. मांजर म्हणालं, बँकेचा घोळ आहे, आम्ही दुसरा रस्ता शोधतोय. रस्ता सापडला, कुणा भलत्याच्याच खात्यातून. एके दिवशी तुंबलेलं सगळं कमिशन खात्यात एकदम आलं आणि दुसऱ्या दिवशी खातं गोठलं. ते खातं तिचं आणि आईचं मिळून होतं. ती शिकत असताना उघडलेलं, वेगळं करायचं राहूनच गेलेलं. आईची पेन्शन तिथेच यायची. आईची कवळीही त्याच पैशांतून व्हायची होती. वरचे सगळे दात काढून झाले होते, माप देऊन झालं होतं, कवळी दवाखान्यात तयार होती. पैसे भरायचे आणि घालायची, एवढंच बाकी होतं.

दोघी बँकेत गेल्या. काउंटरवरच्या बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला होता आणि त्या डोळे बारीक करून स्क्रीन वाचत होत्या.

"हे पैसे एका रोपवाटिकेकडून आलेत," त्या म्हणाल्या. "तुम्ही त्यांना रोपं पुरवता का?"

आईने तोंडावरचा रुमाल न काढताच उत्तर दिलं. "आमच्याकडे एकच कुंडी आहे बाई. तीही वाळलीय."

"मग रोपवाटिका तुम्हाला पैसे का पाठवते?"

आईने मुलीकडे पाहिलं. मुलगी काउंटरवरच्या दोरीने बांधलेल्या पेनाकडे पाहत होती.

"काकू, राग मानू नका, विचारावं लागतं. तुम्ही ऑनलाइन जुगार खेळता का?"

मागच्या माणसाने मोबाइलमधून मान वर केली.

"मी?" आई म्हणाली. "मला साधे पत्ते पिसता येत नाहीत. खाली पडतात."

"ताई, तुम्ही?"

"नाही. ते माझं कमिशन आहे. जाहिरातीचं."

"कसली जाहिरात?"

तिने सांगितलं. हळू सांगितलं, पण काउंटर अरुंद होता आणि आई खांद्याला खांदा लावून उभी होती. मागच्या माणसालाही ऐकू गेलं असावं, कारण तो परत मोबाइलमध्ये गेला नाही.

बाईंनी चष्मा खाली ओढला आणि टाइप करायला लागल्या. "आता हे वर जाणार."

"वर म्हणजे कुठे?" आईने विचारलं.

"वर," बाई म्हणाल्या आणि बोट छताकडे केलं. तिथे एक पंखा फिरत होता. "पाठवणाऱ्याचं पत्र आणा. पैसे कशाबद्दल दिले, ते त्यांनी लिहून द्यायला हवं. मग बघू."

"आणि माझी पेन्शन?"

"खातं एकच आहे ना, काकू."

"माझी कवळी तयार आहे हो," आई म्हणाली. "डबीत पडलीय तिथे."

बाईंनी पुढच्या माणसाला खूण केली.

घरी येताना आई एक पाऊल पुढे चालत होती. रस्ता ओलांडताना ती नेहमी मुलीचा दंड धरायची, तसा आजही धरला आणि पलीकडे गेल्यावर सोडला. मुलगी आतून काही हलतंय का पाहत होती. लाज वाटायला हवी होती, निदान भीती. काहीच नव्हतं. दाढ काढण्याआधी हिरडी सुन्न करतात आणि आपलाच गाल दुसऱ्याचा वाटतो, तसं.

मांजराला तिने लिहिलं : 'रोपवाटिकेचं पत्र मिळेल का?'

उत्तर आलं : 'कुठली रोपवाटिका?' मागोमाग दुसरं : 'आमच्याकडून पैसे गेलेत. आता तुमचं आणि बँकेचं.' त्यानंतर मांजर दिसेनासं झालं.

तिने इंटरनेटवर शोधलं. पैसे अडकले बँक खातं गोठवलं काय करावं. पहिला लेख तिचाच निघाला. दुसरा उघडला, तर तो तिच्या लेखावरून उचललेला होता, स्वल्पविरामांसकट. तिसऱ्याने फक्त 'घाबरून जाऊ नका'च्या जागी 'घाबरू नका' केलं होतं. पुढच्या पानावरही तेच. जिथे जाईल तिथे तो हसरा प्रौढ माणूस किंवा त्याच्यासारखाच कुणीतरी.

संध्याकाळी आई वाटाणे सोलत बसली. तिला ते चावता येणार नव्हते, कुस्करून खावे लागणार होते.

"तू नेमकं काय लिहितेस?" आईने विचारलं.

"तुला सांगितलं की बँकेत."

"ते धंद्याचं सांगितलंस. लिहितेस काय ते वाचून दाखव. इतकी वर्षं लोकांना लेखिका म्हणून सांगतेय, एक ओळ ऐकली नाही."

तिने वाचून दाखवलं. शेवटच्या 'शुभेच्छा'पर्यंत. आईचे हात चालूच होते.

"छान लिहिलंयस," आई म्हणाली. "समजतं सगळं. मग आपण हेच करू या की. पहिलं काय म्हटलंयस?"

"आई, राहू दे."

"अगं, राहू दे काय? घरात लिहिलेलं असताना बाहेर कशाला विचारायचं? पहिलं काय?"

"ग्राहक सेवेशी संपर्क साधा."

"साधलास?"

"हो. उत्तर नाही."

"बरं. दुसरं?"

"व्यवहाराचे पुरावे जपून ठेवा."

"ठेवलेत. तिसरं?"

"बँकेत जाऊन शांतपणे परिस्थिती समजावून सांगा."

"ते तर दुपारीच झालं." आईने एक शेंग फोडली, आत दोनच दाणे निघाले, तेही तिने पातेल्यात टाकले. "चौथं?"

"काही कामकाजाचे दिवस वाट पाहा."

"आणि वाट पाहून झाली की?"

मुलीने पान खाली सरकवून पाहिलं. "संपलं. त्यापुढे नाही."

"पण मग हे करून कुणाचे सुटले पैसे? कुणाचे तरी सुटले असतील, म्हणून तर लिहिलंस ना?"

आई टोमणा मारत नव्हती. मीटर चालतो की नाही हे विचारावं तसं विचारत होती. मुलीचा पाय पायट्यावर होता, चाक फिरत नव्हतं.

"माहीत नाही," ती म्हणाली.

"मग विचार की कुणालातरी. इतके जण वाचतात म्हणतेस."

तिने लेखाखालचे प्रश्न पहिल्यापासून वाचायला घेतले. उत्तरं दिली होती तेव्हाही ते नीट वाचले नव्हते. बहुतेकांनी एकदा विचारलं होतं आणि परत आले नव्हते. सुटले म्हणून आले नाहीत की कंटाळून, ते कळायला मार्ग नव्हता. स्वतःला 'रिकामा खिसा' म्हणवणारा एक जण मात्र परत परत आला होता. 'सर, तुम्ही लिहिलंय तसं सगळं केलं. बायकोचा पगारही त्याच खात्यात आहे. पुढे?' खाली तिचं तयार उत्तर. मग तो : 'वाट पाहिली, सर.' परत तेच उत्तर, शुभेच्छांसकट. मग तो : 'बँकेने वर पाठवलंय. उद्या तिथे बोलावलंय. काय झालं ते येऊन सांगतो.'

त्यापुढे त्याचं काही नव्हतं. तिने पान दोनदा नव्याने उघडून पाहिलं.

"सापडलं कुणी?" आईने विचारलं. ती सालं गोळा करत होती.

"एक आहे. जुना आहे."

"काय म्हणतो?"

"सांगतो म्हणालाय."

"मग विचार. चांगलं विचार, नमस्कार वगैरे घालून."

तिने त्या हसऱ्या प्रौढ माणसाच्या फोटोखाली लिहायला सुरुवात केली. नमस्कार घातला. 'घाबरून जाऊ नका' आपोआप टाइप झालं, ते खोडलं. मग लिहिलं :

'त्या दिवशी तुम्हाला वर बोलावलं होतं, तिथे काय झालं? खातं उघडलं का?'