नळीत बुडवलेली करंगळी

तुमच्या उघड्या बोटानं कधी कुणाचा जीव टांगणीला लावलाय का? लगेच नाही म्हणू नका. आधी बोटाकडं बघा. त्याच्यावर एक कात्री बसलेली असते, उकळत्या पाण्यालाही दाद न देणारी. इराकमधल्या नासिरिया गावच्या सरकारी प्रयोगशाळेतली नाहिदा जन्मभर तिच्याशीच भांडत आली.

नाहिदाची आई दलदलीतल्या म्हशींची साय विकायची. पोरगी शिकली आणि हातमोज्यांत अडकली. तिच्या टेबलाला कुणी उघडा हात लावला की मनगटावर लाकडी पट्टी बसायची, मग तो साहेब असो की झाडूवाली. नव्या पोरींना ती सांगायची की पेशीच्या पोटात सारखे हुकूम सुटतात, त्या चिठ्ठ्यांना आरएनए म्हणतात. काम झालं की चिठ्ठी फाडायला आत कात्र्या असतात. जंतू तर घटकाभरात जुना हुकूम फाडून नवा काढतात, म्हणून मेले कुठंही तग धरतात. चिठ्ठी फाडलीच नाही तर पेशी शिळ्या हुकमावर नाचत राहते. त्याच जातीच्या कात्र्या आपल्या कातडीवर पहाऱ्याला असतात. "कात्री गुणाचीच आहे गं," ती म्हणायची, "पण चोराची चिठ्ठी कुठली आणि आपल्या कामाची कुठली, हे तिला कळत नाही."

एका वर्षी कुर्बानीच्या ईदेआधी हातिम खाटीक रक्त ओकत दवाखान्यात आला. हिरड्या, नाक, सगळीकडून धार. डॉक्टर लुअयनं सुई टोचली आणि दुपारी हातिम गेला. त्याचा थोरला भाऊ जब्बार चुलत्या-पुतण्यांना घेऊन बंदुकांसकट आला. सुई टोचली आणि मेला, म्हणजे सुईनंच मेला. त्यांनी डॉक्टरला अंगणात फरफटत नेलं, बंदुकीच्या दस्त्यानं त्याचा जबडा फोडला, कानशिलावर लाथा घातल्या. शेवटी टोळीचे शेख मध्ये पडले. त्यांनी ठरवलं, प्रयोगशाळेत गोचीडताप, म्हणजे गोचीड लागलेल्या जनावराच्या रक्तातून माणसाला होणारा ताप, निघाला तर डॉक्टर सुटला, नाही निघाला तर तो जब्बारचा.

नाहिदानं तोवर हातिमच्या रक्तातून चिठ्ठ्या वेगळ्या काढल्या होत्या. या तापाचा विषाणू आपला हुकूम अशाच चिठ्ठीवर लिहून आणतो, आणि यंत्र तीच चिठ्ठी शोधतं. इवल्याशा नळीत तळाला थेंबभर, पाण्यासारखं नितळ. तेवढ्यात जब्बारनं दार लाथेनं पाडलं, छतात गोळी झाडली आणि टेबल उलथवलं. रक्ताची मूळ बाटली फरशीवर फुटली. नाहिदानं नळी तेवढी मुठीत वाचवली.

"माझ्या भावाचं रक्त दाखव," तो म्हणाला.

तिनं नळी वर धरली. जन्मभर बकऱ्या कापलेला माणूस तो. रक्त लाल नसतं असं त्याच्या बापानंही कधी त्याला सांगितलं नव्हतं.

"हे पाणी आहे. रक्त बदललंस तू."

त्यानं नळी हिसकावली, झाकण उडवलं, करंगळीचं टोक आत बुडवलं आणि जिभेला लावलं. "खारटसुद्धा नाही."

सवयीनं नाहिदाची पट्टी त्याच्या मनगटावर बसली. त्यानं पिस्तुलाची मूठ तिच्या तोंडात हाणली. दोन दात फरशीवर पडले.

बाहेर डॉक्टर गुरासारखा ओरडत होता. नाहिदाला कळून चुकलं, आता यंत्र 'काही नाही' म्हणणार आणि त्या 'काही नाही'नं डॉक्टरचा गळा कापला जाणार. दुसरं रक्त घ्यायला हातिमचं प्रेतही आता इथं नव्हतं. खोटंच लिहून द्यावं का? तिनं मान वर केली. जब्बार करंगळी चोखत उभा होता, आणि त्याच्या स्वतःच्या हिरड्या रक्ताळलेल्या होत्या. दंडावर लाल ठिपके.

"ताप कधीपासून आहे रे तुला?"

त्यानं बाही खाली ओढली. दोघा भावांनी एकाच कळपावर सुरी चालवली होती.

"भावाची चिठ्ठी तुझ्या बोटानं फाडली," तोंडातलं रक्त थुंकत ती म्हणाली. "दुसरी तुझ्या अंगात आहे. दंड पुढं कर. मोजे घालते तोवर दम धर."

"म्हणजे मलाही सुईनं मारायचा बेत आहे तर."

"मग पिस्तूल माझ्या कपाळाला लाव आणि दंड दे."

त्यानं खरंच लावलं. तापाच्या हुडहुडीनं पिस्तुलाची नळी तिच्या कपाळाच्या हाडावर टकटक वाजत होती. तिनं शीर एका टोचणीत धरली.

यंत्रात दोन रेघा. हातिमची सपाट, मेलेली. जब्बारची उभी चढलेली, म्हणजे गोचीडताप. शेखांनी दोन्ही पाहिल्या, सपाट का ते विचारलं, आणि नाहिदानं जब्बारच्या करंगळीकडं बोट दाखवलं. शेख अंगणात गेले आणि पोरांना बंदुका खाली ठेवायला लावल्या.

डॉक्टर लुअयला एका कानानं ऐकू येत नाही. जबड्याला तार बांधलेली असताना त्यानं जब्बारची औषधं कागदावर लिहून दिली. जब्बार रक्त ओकून ओकून वाचला. माफी त्यानं आजवर मागितलेली नाही. नाहिदा कवळी लावते, पट्टी मात्र तीच आहे.

तेव्हा ऐका. तुमच्या घरचं कुणी असं गेलं आणि डोक्यात रक्त चढलं, तर प्रयोगशाळेच्या दाराबाहेर थांबा, आणि आतून आजाराचं नाव येईपर्यंत हात खिशात ठेवा.